इग्निशन बंद असताना पॉवर विंडो चालवायच्या, तर वायरिंग कसं करावं?

गाडी लावली, चावी काढली आणि मग दिसलं की पलीकडची काच चार बोटं उघडी राहिली आहे. ती वर करायला पुन्हा चावी घाला, पुन्हा इग्निशन चालू करा. हे टाळण्यासाठी पॉवर विंडोला बॅटरीवरून डायरेक्ट सप्लाय देता येईल का, आणि दिला तर काय बिघडेल, असा हा प्रश्न आहे.

देता येतो. वायरच्या एका तुकड्याने दहा मिनिटांत देता येतो, आणि म्हणूनच तो बहुतेक वेळा चुकीचा दिलेला सापडतो. काचा चोवीस तास चालू राहाव्यात अशी खरं तर कोणाचीच गरज नसते. गरज असते ती चावी काढल्यापासून दार उघडेपर्यंतच्या मिनिटभराची. तेवढ्यापुरता सप्लाय टिकवायला एक जादा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि दाराच्या स्विचची एक वायर पुरते.

आधी हे बघू की कंपनीने काचा इग्निशनवर का ठेवल्या. कारण लहान मुलं. गाडीत एकटं राहिलेलं मूल खिडकीतून मान बाहेर काढतं, गुडघा किंवा कोपर बटणावर पडतो आणि काच वर येते. अमेरिकेचं एफएमव्हीएसएस ११८ हे मानक १९७१पासून लागू आहे ते यासाठीच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला क्रमांक २१चा नियमही हेच सांगतो. अडथळा लागला की आपोआप मागे फिरणाऱ्या काचेने १०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लावू नये, अशी मर्यादा दोन्हींत आहे. जुन्या साध्या मोटरला ही समज नसते. पूर्ण अडेपर्यंत ती ढकलत राहते. मात्र दोन्ही नियमांत एक सवलत आहे: इग्निशन बंद केल्यापासून पुढचं एखादं दार उघडेपर्यंत काचा चालल्या तर चालतात. आपलं सर्किट नेमकं या सवलतीत बसवायचं आहे.

तुमच्या गाडीत काय आहे ते ओळखा. तीन प्रकार सापडतात. सगळ्यात जुन्यांत इग्निशन स्विचमधून निघालेली जाड वायर ब्रेकरमधून थेट ड्रायव्हरच्या दारावरच्या मास्टर स्विचला जाते. त्यानंतरच्या गाड्यांत मधे एक पॉवर विंडो रिले असतो. जाड करंट बॅटरीवरून येतो आणि इग्निशन फक्त रिलेची कॉइल ओढतं, म्हणजे रिलेच्या आतल्या गुंडाळीत करंट सोडून त्याचा स्विच जोडतं. नव्या गाड्यांत बटण केवळ सिग्नल देतं आणि मोटर कधी चालवायची ते बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीतला छोटा संगणक) किंवा दारातलं मॉड्यूल ठरवतं. खालचं सर्किट पहिल्या दोघांसाठी आहे. तिसऱ्याबद्दल शेवटी लिहिलंय. त्यात वायर कापायला जाऊ नका.

रिले असेल तर सॉकेट तपासायला पाच मिनिटं लागतात. रिले उपटून काढा. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि टोक एकेका घरात घाला. चावी खिशात असतानाही दिवा लागला तर ते घर ३०, म्हणजे बॅटरीचं (हे आकडे म्हणजे रिलेच्या पिनांचे क्रमांक). इग्निशन चालू केल्यावरच लागला तर ते कॉइलचं, बहुधा ८६. आता क्लिप बॅटरीच्या प्लसला लावा. ज्या घरात दिवा लागतो ते अर्थ, म्हणजे ८५. उरलेलं ८७, तिथून काचांकडे सप्लाय जातो. पण त्या वायरींवर लटकलेल्या इतर उपकरणांमधूनही अर्थची वाट मिळते, त्यामुळे चुकीच्या घरातही अर्थ मिळाल्याचा भास होऊ शकतो; खात्री करायची तर फ्यूज लावलेल्या जंपरने ३० आणि ८७ क्षणभर जोडून काच चालते का ते बघा. काही उत्पादक ८५ आणि ८६ उलटे वापरतात. रिलेत आत डायोड असेल तर तो उलटा जोडला की मरतो आणि फ्यूजही घेऊन जातो, म्हणून रिलेच्या अंगावरची आकृती वाचा.

कॉइलच्या दोन टोकांपैकी एकाला कायम प्लस आणि दुसऱ्याला मॉड्यूलकडून अर्थ येत असेल, तर तो रिले जसा आहे तसाच राहू द्या. त्याच्या ८७ मधून निघणारी वायर म्हणजेच 'इग्निशनवर येणारा सप्लाय' असं समजा आणि पुढचं सर्किट तिच्यावर करा.

आता दोन शॉर्टकट, जे लोक करतात आणि मग पस्तावतात.

पहिला: इग्निशनवरून येणाऱ्या वायरला बॅटरीची वायर जोडून टाकणं, मूळ वायर न कापता. काचा चालतात, पण करंट उलटा इग्निशन स्विचच्या दिशेनेही जातो. त्या वायरवर इग्निशनचं जे जे लटकलेलं असेल, मीटर, फ्युएल पंप, इग्निशन कॉइल, ते सगळं जिवंत होतं. चावी काढली तरी डॅशबोर्डचे दिवे विझत नाहीत आणि काही गाड्यांत इंजिनच बंद होत नाही. जिथे नवा सप्लाय जोडाल तिथे जुना एक तर कापलेला हवा, नाही तर डायोडच्या पलीकडे हवा.

दुसरा: पॉवर विंडो रिलेच्या ८६ला कायमचा प्लस देणं. यात उलटा करंट नाही, काचा छान चालतात आणि आठवड्याने गाडी सेल मारत नाही. साध्या १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल ८० ते ९० ओहमची असते, म्हणजे ती सुमारे ०.१५ अँपिअर सतत खाते. दिवसाला ३.६ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर सात दिवसांत निम्म्याहून जास्त उतरली. रोज गाडी चालवणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. गाडी आठवडाभर उभी राहिली की येतं. रिले काढून ३० आणि ८७ला जंपर टाकला तर कॉइलचा खर्च वाचतो, पण स्विचमधले छोटे बल्ब रात्रभर जळतात (१.२ वॅटचा एक बल्ब ०.१ अँपिअर) आणि मुलांचा प्रश्न तसाच राहतो.

काहींना अर्ध्यावरचा उपाय पुरतो: कॉइलची वायर इग्निशनवरून काढून चावीच्या ॲक्सेसरी पोझिशनवर टाकायची. इंजिन आणि मीटर बंद, काचा चालू, चावी काढली की सगळं शून्य. सामान काही लागत नाही. चावी मात्र लागते.

आता खरं सर्किट. दोन रिले आहेत, एकाला मुख्य म्हणू आणि दुसऱ्याला दाराचा. मुख्य रिले ३० किंवा ४० अँपिअरचा, चार पिनांचा. गाडीत पॉवर विंडो रिले आहेच असेल तर तोच मुख्य. त्याच्या ३०, ८७ आणि ८५ला हात लावायचा नाही, फक्त ८६ची वायर सॉकेटमधून मोकळी करायची. गाडीत रिले नसेल तर ब्रेकरच्या पुढची जाड वायर कापा. तिचं स्विचकडचं टोक नव्या रिलेच्या ८७ला जाईल, इग्निशनकडचं टोक नुसतं सिग्नल म्हणून वापरलं जाईल, ३०ला बॅटरीवरून फ्यूजमधून नवी वायर येईल आणि ८५ अर्थला.

मुख्य रिलेच्या ८६ला दोन वाटा येतात. पहिली इग्निशनची, १एन४००७ डायोडमधून; डायोडचा रुपेरी पट्टा ८६कडे. हा डायोड १ अँपिअरचा आहे, कॉइल ०.१५ मागते, म्हणजे चिंता नाही. त्यात ०.७ व्होल्ट पडतो, तरी ११ व्होल्टच्या वर उरतात आणि १२ व्होल्टचा रिले साधारण ७ ते ८ व्होल्टलाच ओढतो. दुसरी वाट मुख्य रिलेच्या स्वतःच्या ८७ वरून निघते, २ अँपिअरच्या फ्यूजमधून दाराच्या रिलेच्या ३०ला जाते, त्याच्या ८७एमधून बाहेर पडते आणि ८६ला मिळते. दाराचा रिले पाच पिनांचा. १० अँपिअरचा छोटाही पुरतो. तो सुटलेला असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात. त्याच्या ८६ला वेगळ्या २ अँपिअरच्या फ्यूजमधून कायमचा प्लस आणि ८५ला दाराच्या स्विचची वायर, जी दार उघडलं की अर्थ होते.

हे चालतं असं. इग्निशन लावलं की डायोडमधून मुख्य रिले ओढला जातो, ८७ जिवंत होतो आणि दुसऱ्या वाटेने स्वतःच्याच कॉइलला धरून ठेवतो. इग्निशन बंद केलं, पहिली वाट गेली, दुसरी आहे, काचा चालू. डायोडमुळे हा प्लस इग्निशनकडे मागे जात नाही. दार उघडलं की दाराचा रिले ओढला जातो, दुसरी वाट तुटते, मुख्य रिले सुटतो, ८७ मेला. दार पुन्हा लावलं तरी ८७ मेलेलाच, त्यामुळे रिले पुन्हा ओढला जात नाही. गाडी चालू असताना दार उघडं ठेवलं तर इग्निशनची वाट शाबूत असते, काचा चालतात. उभ्या गाडीत कॉइल करंट खात नाही.

इथे एक मोह होतो: दाराच्या रिलेचा प्लसही ८७ वरूनच घेऊ, एक फ्यूज वाचेल. घेऊ नका. छताच्या दिव्याचा एक पाय कायम प्लसवर आणि दुसरा दाराच्या स्विचवर असतो. दारं बंद असताना तो प्लस दिव्यामधून दाराच्या रिलेच्या कॉइलमध्ये, तिथून मेलेल्या ८७ वर आणि पुढे मुख्य रिलेच्या कॉइलमधून अर्थला वाट काढतो. दिवा लागत नाही, रिले ओढला जात नाही, काहीच दिसत नाही. पण ६०-७० मिलिअँपिअर रात्रंदिवस वाहत राहतात. प्लस कायमच्या फीडवरून घेतला की कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखाच १२ व्होल्ट असतो आणि करंट वाहायला वावच उरत नाही.

दोन्ही दारांच्या स्विचच्या वायरी वेगळ्या असतील तर प्रत्येक वायर आपापल्या डायोडमधून ८५ला आणा, पट्टा दाराच्या दिशेने. नाही तर एक दार उघडलं की दुसरंही उघडं आहे असं गाडीला वाटतं. वायर स्विचजवळून घ्या, दिव्याच्या होल्डरमधून नाही. हळूहळू मंद होणारा दिवा असेल तर तिथला व्होल्टेज सावकाश बदलतो आणि रिले थरथरतो. आणि दाराची वायर सरळ मॉड्यूलमध्ये जात असेल तर तिच्यावर कॉइल लटकवू नका. मॉड्यूलचा इनपुट पाच व्होल्टचा असू शकतो आणि तुम्ही कॉइलमधून त्यावर बारा टाकाल. अशा ठिकाणी बॉनेटला वापरतात तसा पिनचा वेगळा स्विच दाराच्या चौकटीत बसवणं स्वस्त पडतं.

दाराचा स्विच गंजला तर? मुख्य रिले सुटणारच नाही आणि बॅटरी उतरेल. छताचा दिवा लागत नाही हे त्याचं पहिलं लक्षण. ज्याला दुहेरी सोय हवी त्याने दुसऱ्या वाटेत ऑफ-डिले टायमर (ट्रिगर गेल्यावर ठरलेल्या वेळाने तोडणारा) मालिकेत घालावा, दहा मिनिटांवर लावलेला. सप्लाय ८७ वरून, ट्रिगर इग्निशनवरून, म्हणजे डायोडच्या अलीकडून. वेळ संपली की टायमर वाट तोडतो, मुख्य रिले सुटतो आणि टायमरचा स्वतःचा सप्लायही जातो, त्यामुळे त्याचा किरकोळ खर्चही थांबतो.

वायरीच्या जाडीत कंजुषी नको. काच चालताना मोटर साधारण ३ ते ८ अँपिअर घेते, वर जाऊन अडली की १५ ते २५. बॅटरीपासून तीन मीटर वायर धरा आणि २० अँपिअर. २.५ चौरस मिलिमीटरमध्ये ०.४ व्होल्ट पडतो, ४ मध्ये ०.२६. आकडे लहान दिसतात, पण इंजिन बंद असताना बॅटरी १४ नाही, १२.५ वर असते, त्यात दारातल्या बारीक वायरी आणि स्विचच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टची घट मिळवली की मागची काच अर्ध्यात रेंगाळते. चार काचांना ४ चौरस मिलिमीटर आणि ३० अँपिअरचा फ्यूज, दोन काचांना २.५ आणि २०. फ्यूज बॅटरीपासून हातभर नाही, वीतभर अंतरात. कॉइलच्या वायरींना ०.७५ पुरे, पण त्या ३० अँपिअरच्या लाइनवरून निघतात म्हणूनच वर २ अँपिअरचा फ्यूज सांगितला; तो नसेल तर शॉर्ट झाल्यावर ती बारीक वायरच फ्यूजचं काम करेल, तेही कार्पेटखाली.

जुन्या गाड्यांत काचांच्या लाइनवर आपोआप जुळणारा ब्रेकर असतो: तापला की सुटतो, गार झाला की पुन्हा लागतो. इग्निशनवर असताना ते ठीक होतं. बॅटरीच्या लाइनवर तो ठेवू नका. दाराच्या बिजागरीपाशी वायर सोलून बॉडीला लागली तर तो रात्रभर टकटक करत सुटेल आणि जुळेल, प्रत्येक वेळी तीच वायर तापवत. पात्याचा फ्यूज किंवा हाताने दाबून लावायचा ब्रेकर घ्या.

सप्लाय मास्टर स्विचच्या आधीच द्या. मागच्या दारांचे स्विच मास्टरमधून सप्लाय आणि अर्थ घेतात, म्हणूनच ड्रायव्हरच्या लॉक बटणाने मागच्या काचा बंद होतात. एखाद्या दारात वेगळी प्लस वायर नेली की त्या दारापुरतं लॉक बटण निकामी झालं.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढा आणि स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे. जोड क्रिंप करून त्यावर हीट श्रिंक. वायरीवर दाबून बसवायचे चिमटे कनेक्टर टाळा. ते आतले धागे तोडतात, दमट हवेत हिरवे पडतात आणि दोष वर्षभराने दाखवतात. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच.

काचा जोडण्याआधी ८७ वर ५ वॅटचा बल्ब लावून बघा. इग्निशन चालू, बल्ब लागला पाहिजे. बंद केलं, लागलेलाच राहिला पाहिजे. दार उघडलं, विझला पाहिजे. दार लावलं, विझलेलाच. दार उघडं ठेवून इग्निशन चालू-बंद केलं, तर बल्बही त्याच तालावर. दार लावताच बल्ब पुन्हा पेटत असेल तर दुसरी वाट ८७ ऐवजी ३० वरून घेतली आहे. इग्निशन बंद करताच २ अँपिअरचा फ्यूज उडत असेल तर इग्निशनचा डायोड शॉर्ट आहे किंवा घालायचा राहिला. रिले कधीच ओढला जात नसेल तर डायोड उलटा. इग्निशन बंद केल्याबरोबर बल्ब विझत असेल तर ८७ए ऐवजी ८७ला वायर लागली आहे.

शेवटी खर्च मोजा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, बॅटरीच्या मायनसमध्ये मालिकेत. दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने फिरवून दार लागल्याचा आभास करा आणि अर्धा तास थांबा, कारण मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. २०० च्या आसपास अडकलं तर एखादा रिले ओढलेलाच आहे. बोट ठेवलं की तो कोमट लागतो. मीटर मालिकेत असताना सेल मारू नका.

नव्या गाड्यांतल्या बटणांवर कधी नुसते रेझिस्टर असतात, कधी लिन बसवर, म्हणजे मॉड्यूलना जोडणाऱ्या संदेशांच्या वायरवर, संदेश जातात. त्यांच्या वायरीवर १२ व्होल्ट टाकले तर मॉड्यूल जाईल. मोटरला बॅटरीचा सप्लाय आधीच असतो, अडवलेली असते ती परवानगी. त्या मॉड्यूलला इग्निशनचा खोटा सिग्नल दिला तर काचा चालतील, पण बस झोपत नाही आणि बॅटरी उतरते. अशा बऱ्याच गाड्यांत दार उघडेपर्यंत काचा चालण्याची सोय मुळातच असते, किंवा रिमोटचं लॉक बटण दाबून धरलं की काचा वर जातात. बंद असेल तर स्कॅन टूलने कोडिंगमध्ये चालू करता येते. आधी ते तपासा. बॅटरी काढून जोडल्यावर एका टचमध्ये वर जाणं थांबलं तर घाबरू नका: काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर करून बटण दोन-चार सेकंद धरून ठेवायचं. मोटर आपली टोकं पुन्हा शिकते. नेमकी कृती गाडीगणिक थोडी बदलते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

एक काच इग्निशन चालू असतानाही कधी चालते, कधी नाही, आणि दार हलवलं की चालते, असं होत असेल तर यातलं काहीच करू नका. दार आणि खांब यांच्यामधलं रबरी बूट मागे सारा. आत तुटलेली वायर सापडेल.